आजोबांची हत्यारं हातात आली, आता काय करायचं? गंज, लाकूड, धार आणि कोकणातला पावसाळा

आजोबा गेल्यावर दुसऱ्या वर्षी मे महिन्यात गावी गेलो, तर काकाने माळ्यावरची पेटी खाली काढून माझ्यापुढे ढकलली आणि म्हणाला, "घेवन जा, नायतर भंगारवाल्याक दितंय." पेटीत तीन लाकडी रंधे, सात पटाश्या (लाकूड कोरायच्या छिन्न्या), दोन करवती, वाकस (लाकूड तासायचं हत्यार), सामता, गिरमिट, अंबूर, गुण्या, आणि गोणपाटात गुंडाळलेले दोन कोयते. सगळं लाल. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी मी घासणी घेऊन बसलो आणि दोन पटाश्यांची पार वाट लावली, त्यातून जे शिकलो ते खाली लिहितोय, क्रमाने लिहितोय कारण यात क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं.

पहिल्या दिवशी काहीही धुवायचं नाही

बंद घरातली पेटी असेल तर आधी अंगणात नेऊन उलटी करा, थेट हात घालू नका. गोणपाटाच्या घडीत विंचू असतो आणि तो तुमची वाट बघत असतो. जाड हातमोजे घाला. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन १० वर्षांत घेतलं नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन घेऊन या. धनुर्वात गंजामुळे होतो असं सगळे म्हणतात पण त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि शेतघरातल्या हत्यारांवर या दोन्ही गोष्टी असणारच, म्हणजे इंजेक्शन घ्यायचंच.

मग फोटो. जसं आहे तसं, गंजासकट, चिंध्यासकट. मूठ कुठल्या बाजूला झिजलीय, कशाला सुतळी गुंडाळलीय, पाचर कुठल्या लाकडाची आहे, या गोष्टी एकदा पुसल्या की परत मिळत नाहीत. आमच्या वाकसाच्या दांड्यावर डाव्या बाजूला खोलगट झालंय, मला वाटलं लाकूड खराब आहे, आजी म्हणाली की आजोबा जेवायचे उजव्या हाताने पण वाकस मारायचे डाव्या हाताने. मी तो दांडा बदलणार होतो!

आता माणसं गाठा. आजी, आत्या, वाडीतला एखादा म्हातारा सुतार. फोनवर रेकॉर्डिंग चालू करून एकेक हत्यार हातात द्या आणि गप्प बसा. "हे काय आहे" असं विचारू नका, "ह्याने काय करायचे" असं विचारा, मग बरोबर बोलतात. आमच्या वाडीतल्या सुतारकाकांनी मला कानशीने रंध्याची कड घासताना बघितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "झिला, ह्येका पालिश नको करू, कामाक लाव." तेव्हा राग आला होता, पण पुढे कुठल्याही हत्याराबाबत अडलो की हेच वाक्य वापरून बघितलं आणि दरवेळी उत्तर मिळालं.

एक प्रश्न मात्र विसरू नका: ही पेटी आधी कुठे असायची? आमच्याकडे ती चुलीच्या वरच्या माळ्यावर असायची. चूल रोज पेटायची, खालून ऊब आणि धूर, पाऊस चार महिने कोसळत असला तरी तो माळा सुका असायचा आणि धुरामुळे लाकडाला कीडही लागायची नाही. मग घरात गॅस आला, चूल मागच्या पडवीत गेली, पेटी मात्र जागेवरच राहिली आणि गंज तेव्हापासून सुरू झाला. म्हणजे आजोबा गेले म्हणून हत्यारं गंजली नाहीत, चूल हलली म्हणून गंजली. तुमच्या घरात तो "माळा" कुठला होता ते शोधा, शेवटी ठेवताना उपयोगी पडेल.

जाता जाता वाटणीचं बोलून टाकतो. आजोबांनी तोंडी "हे तुझं" म्हटलं असलं तरी मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे त्यांच्या स्वतःच्या वस्तूंवर आजीचा, मुलग्यांचा आणि मुलींचा सारखा हक्क, बाप जिवंत असताना नातवाचा नंबर लागत नाही. रंध्यासाठी कोणी कोर्टात जात नाही, पण आत्याला न विचारता अडकित्ता उचललात तर पुढची दहा वर्षं गणपतीत ऐकावं लागेल. यादी करून घरच्या ग्रुपवर टाका.

आणि पेटीसोबत ठासणीची बंदूक निघाली, जी कोकणात बऱ्याच घरांत शेतीच्या राखणीसाठी असते, तर तिला हात लावू नका, नळीत जुनी दारू भरलेली असू शकते. परवान्याचा कागद शोधा आणि पोलीस स्टेशनला कळवा. वारसाच्या नावाने परवाना करून घ्यायची सोय आर्म्स रूल्स २०१६ मध्ये आहे. लपवून ठेवलीत तर गुन्हा.

काय आहे ते ओळखणं

इथे फार वेळ घालवू नका. ब्रश सुकाच फिरवून शिक्के बघा. शेफिल्ड लिहिलेलं असेल तर इंग्लंडचं पोलाद, तीन पानांची खूण असेल तर मार्पल्स कंपनीचं. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे इंग्रज सरकारचा माल. आमच्या एका पान्यावर जी.आय.पी.आर. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) असा शिक्का आहे, आजोबा मुंबईत असताना चोर बाजारातून जुने पाने घ्यायचे. ती रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली, म्हणजे पाना त्याच्या आधीचा. शिक्का नसलेलं हत्यार हलकं असतं असं अजिबात नाही, लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून काढलेला कोयता कुठल्याही कंपनीच्या कोयत्याला भारी पडतो.

पेटीला किंवा मुठींना जुना ऑइलपेंट असेल तर सुकं घासायचं नाही. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाची धूळ पोरांच्या नाकातोंडात जायला नको. ओल्या कपड्याने पुसा आणि तसंच राहू द्या.

गंज

आधी बोट फिरवा. बोटाला लाल भुकटी लागली तर गंज जिवंत आहे, तो काढायचा. काळपट, घट्ट, बोटाला न लागणारा थर असेल तर त्याला हात लावू नका, तो थर लोखंडाला सांभाळतोय. सगळं घासून चांदीसारखं केलं की फोटो छान येतो, पण समुद्राच्या हवेत ते आठ दिवसांत परत लाल होतं, मी करून बघितलंय.

हलका गंज असेल तर तेल आणि नारळाची शेंडी, किंवा बारीक स्टील वूल. दोन थेंब तेल टाकून एका दिशेने घासायचं, पुसायचं, परत. कंटाळवाणं काम आहे पण यात हत्यार बिघडत नाही. वर सारवायला राख असेल तर अजून बरं.

जास्त गंजाला आंबट लागतं, आणि इथे माझा मूर्खपणा सांगतो. आपल्याकडे पितळेची भांडी कोकमाच्या सोलांनी लख्ख होतात हे लहानपणापासून बघितलेलं, म्हणून मी दोन पटाश्या रात्रभर कोकमाच्या आगळात (घट्ट रसात) बुडवल्या. सकाळी गंज गेलेला, मी खूश, संध्याकाळपर्यंत दोन्ही आधीपेक्षा लाल. आगळात मीठ असतं ना! आमसुलांनाही मीठ लावलेलं असतं. मीठ लोखंडाच्या बारीक खड्ड्यांत बसलं की हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गंज जोरात धरतो, समुद्राकाठच्या घराच्या ग्रिल का सडतात त्याचं कारणही हेच. तेव्हा कोकम आमटीत घाला, हत्यारांना साधं पांढरं व्हिनेगर.

रीत अशी. लाकडी मूठ, पितळी भाग आधी काढून ठेवा, मूठ निघत नसेल तर फक्त पातं बुडेल असं उभं ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात व्हिनेगर, पाणी न मिसळता, १२ ते २४ तास, पण दर चार-पाच तासांनी काढून बघायचं, कारण गंज संपला की आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं आणि धारेची कड सगळ्यात आधी जाते. बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासा, मग एक लिटर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा टाकून त्यात बुडवा म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, मग साध्या पाण्याने धुवा. विहीर समुद्राजवळ असेल आणि पाणी मचूळ लागत असेल तर ते पाणी नको, पावसाचं साठवलेलं किंवा बिसलेरी घ्या, हसू नका. धुतल्याबरोबर कपड्याने पुसून उन्हात तापलेल्या पत्र्यावर दहा मिनिटं, आणि हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तेलाचा हात. मध्ये फोन आला तरी घ्यायचा नाही, ओलं उघडं लोखंड बघता बघता पिवळं पडतं.

वाईससारखं (काम घट्ट धरून ठेवायचा लोखंडी शिकंजा) मोठं धूड असेल तर धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जरवाली पद्धत आहे: बादलीत लिटरला एक मोठा चमचा सोडा, हत्यार निगेटिव्हला, भंगारातला साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. काम झकास होतं पण हे अंगणातच करायचं, कारण हायड्रोजन निघतो, जवळ बिडी नको, आणि चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात नको. स्टेनलेस स्टीलचा चमचा वगैरे अजिबात वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

करवत बुडवू नका. सपाट लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश कागद) गुंडाळून लांबीच्या दिशेने घासा, दातांवरून आडवं नको.

लाकूड

रंध्यावर किंवा दांड्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर काळ्या कागदावर ठेवून दोन दिवस बघा. खाली पिठासारखी पूड पडली तर कीड आत जिवंत आहे. औषधाच्या मागे लागण्याआधी एक सोपा उपाय: वस्तू पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बांधा आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडायची नाही, थंडपणा पूर्ण गेल्यावर सोडायची, नाहीतर लाकडावर पाणी धरतं. आमचा मधला रंधा दोन आठवडे बांगड्यांच्या शेजारी होता, बायको अजून त्यावरून बोलते. पिशव्या दोन घाला.

मुठी घासून नव्या करू नका. ओल्या कपड्याला थोडा साबण लावून मळ काढा, सावलीत सुकवा, मग जवसाचं तेल, अगदी पातळ हात, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, एक-दोन दिवस सुकू द्या, असे तीन हात. घरात खोबरेल आहे म्हणून ते लावतात सगळे, पण खोबरेल लाकडावर सुकत नाही, चिकट राहतं आणि त्यावर मुंग्या आणि झुरळं येतात. जवसाचं तेल हवेने सुकतं. पण म्हणूनच एक धोका आहे: त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर आपोआप तापून पेटतात, खरंच पेटतात. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून सुकवा. काजूच्या टरफलांचं तेल वाळवीसाठी वाशांना लावतात ते मुठीला लावू नका, हाताला फोड येतील.

ढिला दांडा पाण्यात टाकून ठेवायची सवय सगळ्यांना आहे, कुऱ्हाड रात्रभर बादलीत. सकाळी घट्ट होते हे खरं. पण लाकूड फुगताना लोखंडाच्या भोकात दाबलं जातं, त्याचे तंतू चिरडतात आणि सुकल्यावर आधीपेक्षा जास्त ढिलं होतं, मग एक दिवस कुऱ्हाडीचं पातं उडतं. नवी पाचर मारा, नाहीतर दांडा बदला. दांड्याला धामणीचं लाकूड मिळालं तर डोळे झाकून घ्या, चिवट असतं आणि घावाचा झटका हाताला कमी लागतो. दांडा बसवायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारी. जूनमध्ये हवेने फुगलेला दांडा घट्ट बसवलात तर थंडीत सुकून हलायला लागतो, सुक्या दिवसांत बसवलेला पावसात अजून आवळतो.

धार

मी उरलेल्या पटाश्यांपैकी एक तालुक्याच्या बाजारात ग्राइंडरवर धार लावून घेतली. त्या माणसाने वीस सेकंदांत ठिणग्या उडवून चकाचक करून दिली, टोकाला छान निळा रंग आला होता. निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं आणि त्याची कडकी गेली. ती पटाशी आता आंब्याच्या फळीतही वाकते. ग्राइंडर वापरायचाच असेल तर बाजूला पाण्याचं भांडं, दोन सेकंद टेकवा, बुडवा, आणि बोटाला चटका बसायच्या आत थांबा. पण हाताने करता येतं, तेच करा.

निसणा (धार लावायचा दगड) घरात असेल तर बघा तो मधोमध खोल गेलाय का. खोल दगडावर पटाशीची कड गोल होते. दगड सपाट करायला काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर टाकून घासा. दगडच नसेल तर काच आणि वॉटर पेपर एवढ्यावरही भागतं, हार्डवेअरच्या दुकानातून २२०, ४००, ८०० आणि १००० नंबरचे घ्या.

पटाशीची आधी पाठ. म्हणजे उतार नसलेली सपाट बाजू, टोकाकडचा इंचभर भाग काचेवर एकदम आडवा टेकवून घासायचा, आरशासारखा नाही झाला तरी चालेल पण गंजाचा खड्डा धारेपाशी उरता कामा नये. लोक हे सोडतात आणि मग उताराला तासभर घासून धार का येत नाही म्हणतात. पाठ झाली की उतार. साध्या कामाला ३० अंश पुरे, आणि ते मोजायला कोनमापक नको: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट भरली की ३० अंश झालेच. त्याच कोनात धरून घासत रहा, पाठीकडे बोट फिरवल्यावर पूर्ण रुंदीला बारीक खरखरीत कड लागेपर्यंत. ती लागली की पुढच्या नंबरचा कागद. शेवटी पाठ दोनदा टेकवून ती कड काढून टाका. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला की झालं.

रंध्याच्या पात्याचंही हेच. पातं परत बसवताना पाचर हातोडीने हलकेच, फार ठोकलीत तर जुना रंधा तोंडाशी चिरतो. पात्याच्या डोक्यावर टिचकी मारली की पातं खाली उतरतं, रंध्याच्या मागच्या टोकावर मारली की वर येतं. हे मला सुतारकाकांनी दाखवेपर्यंत मी दर वेळी पाचर काढून परत बसवत होतो.

कोयत्याला पटाशीसारखी नाजूक धार लावू नका, पहिल्याच नारळाला खांड पडेल. कोयता वाईसमध्ये धरून कानस पुढे ढकलताना दाबायची आणि मागे आणताना उचलायची, मागे ओढून घासलीत तर कानशीचे दात मरतात. (कानस बरी घ्या, जे के च्या कानशींचा कारखाना तर आपल्या रत्नागिरीतच आहे.) कानस धारेवरून नुसती घसरत असेल, धरत नसेल, तर ते पातं कडक आहे, त्याला दगडच लागणार.

करवतीला आधी दात कुठल्या बाजूला झुकलेत ते बघा, ढकलताना कापणारी आहे की ओढताना. दात आखूड-लांब झाले असतील तर स्वतः करू नका, जुन्या सुताराकडे द्या. त्याला पैसे द्या आणि शेजारी बसून बघा.

पावसाळा

चाकरमान्यांचा खरा प्रश्न हा. घर जून ते गणपती बंद, हत्यारं आत, भिंती जांभ्याच्या आणि जांभा पाणी पितो. तेव्हा काहीही भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवायचं नाही. मेच्या शेवटी सगळं सुकं पुसा आणि लोखंडाला ग्रीस किंवा व्हॅसलीनचा जाडसर थर द्या, खोबरेल रोजच्या वापराला ठीक आहे पण बंद घरात चार महिने टिकत नाही. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे गंजलेला स्क्रू सोडवायला चांगलं, पावसाळाभर राखणीला ते पुरणार नाही. धारेवर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चिरून बसवा.

गोणपाट आणि वर्तमानपत्र ओल धरतात, नको. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पिशव्या, पण डबा भरायचा दिवस सुका उन्हाचा हवा, पहिला वळीव पडल्यावर भरलात तर ओलावाच आत कोंडाल. लाकडी रंधे डब्यात नको, त्यांना वारा लागू द्या, फक्त पातं काढून वेगळं ठेवा आणि पाचर ढिली करा. आजोबा पेटीत कापराच्या वड्या ठेवायचे, मी पण ठेवतो, तेल लावून झाल्यावर.

आमच्या घरात आता पेटी मागच्या पडवीत आहे, तिथे पाणी तापवायची चूल अजून पेटते. काकीला सांगून ठेवलंय की पेटी हलवायची नाही. खंडेनवमीला ती सगळी हत्यारं काढते, पुसते, हळदकुंकू लावून पूजा करते, आणि ही वर्षाची तपासणी पाऊस ओसरताना आपोआप होते. फक्त दुसऱ्या दिवशी कुंकू पुसायला तिला फोन करावा लागतो, कुंकवाखाली ओल राहते. यंदा गणपतीत माटवीची (गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट) एक पट्टी कुजलेली निघाली, नवी केली ती त्याच मधल्या रंध्याने. पातं जरा जास्त खाली उतरलं होतं, पट्टीला दोन ठिकाणी खाच पडली, वर कवंडळं आणि हरणं (ही सजावटीची रानातली फळं-फुलं) बांधल्यावर दिसली नाही.